हूड चालू, तरी वास बाहेर! चुकतंय कुठे?

कपाशीचं_बोंड | ९ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. आमच्या लॅबमध्ये तीन वर्षांपूर्वी अनुदानातून चार फुटी फ्यूम हूड आला, म्हणजे प्रयोगातला धूर ओढून बाहेर टाकणारी पेटी. पुढे वर-खाली सरकणारी काच, ब्लोअर गच्चीवर, मधे पाइप. बटन दाबलं की पिठाच्या चक्कीसारखा आवाज करतो, म्हणजे चालतो असं आम्ही धरून चाललो.

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल सुरू असताना दोन मुलींनी हूडमध्येच तांब्याच्या किसावर नायट्रिक आम्ल ओतलं. तपकिरी धूर निघाला आणि आत जायचं सोडून काचेखालून बाहेर आला. तिसऱ्या ओट्यावरची मुलं खोकायला लागली. सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात काढलं.

प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, "मशीन तर चालू आहे ना मॅडम?" पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणे फिल्टर बदला. आमच्या हूडला फिल्टरच नाही हो! हवा सरळ गच्चीवर जाते. महिनाभरापूर्वी बरं चालत होतं. २२ तारखेपासून विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. चूक आमची की यंत्राची?

---

संत्रा_बर्फी | रात्री ९.२२

फिल्टर नसलेल्या हूडचा फिल्टर बदलायला किती कोटेशन दिलं ते सांगा, मी पण धंदा बदलतो. 😄

---

गच्चीवरचा_ब्लोअर | रात्री ९.४८

मॅडम, मी बुटीबोरीला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. रोज हेच पाहतो. पुरवठादाराचं सोडा, आधी चार गोष्टी सांगा.

हूडच्या आत सध्या काय काय ठेवलं आहे? काच किती उघडी ठेवून काम करता? खोलीचं दार-खिडक्या बंद असतात की उघड्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कूलर कुठे आहे?

हूड म्हणजे काही ओढून घेणारा राक्षस नाही. काचेखालच्या फटीतून हवा आत जाते ती सेकंदाला साधारण अर्धा मीटर. एवढ्या वाऱ्यात उदबत्तीचा धूर जेमतेम वाकतो. कूलर त्याच्या कितीतरी पट जोरात फेकतो. आपण तर एप्रिलमध्ये कूलर लावल्याशिवाय श्वासही घेत नाही.

उद्या हूड रिकामा करा, ब्लोअर चालू करा आणि एक उदबत्ती घेऊन काचेच्या खालच्या कडेने डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवा. धूर कुठे आत जातो, कुठे बाहेर वळतो ते पाहून लिहा.

---

मातीपरीक्षक | रात्री १०.०५

ब्लोअरभाऊंशी सहमत, पण उदबत्ती पेटवायच्या आधी हूडमधून आणि शेजारच्या ओट्यावरून ईथर, अ‍ॅसिटोन, अल्कोहोल सगळं दुसऱ्या खोलीत न्या. ईथरची वाफ जड असते, ओट्यावरून सरपटत जाते आणि ठिणगी मिळाली की मागे बाटलीपर्यंत पेटत येते. आमच्याकडे एकाने बर्नरपाशी अ‍ॅसिटोनचा कापूस ठेवला होता. भुवया गेल्या, बाकी वाचला.

उदबत्ती नको असेल तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी काचेच्या खालच्या कडेला चिकटवा. ब्लोअर चालू असला की ती आत झुकलेली दिसली पाहिजे. ती कायमच राहू द्या.

---

पांदण_रस्ता | रात्री १०.३१

मी काही लॅबवाला नाही बावा, बी.एस्सी. करून शेतीत आलो. पण हे वाचून फवारणी आठवली. वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहून फवारलं की सगळं आपल्याच अंगावर येते. वाऱ्याकडे पाठ करा म्हणून कितीही सांगा, गडी पिकाच्या तासाच्या मागं मागं सरळ चालत जाते. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेकडो लोकं दवाखान्यात गेले, कित्येक दगावले. तवापासून आमच्या गावात फवारणीच्या आधी मूठभर धूळ उडवून वारा पाहतात.

तुमच्या त्या पेटीतही वाराच पाहायचा आहे ना? मंग कूलर तुमच्या पाठीमागून पेटीवर मारत असन तर काय होईन? धडकून परत तोंडावर.

---

सीताबर्डी_एक्सप्रेस | रात्री १०.४०

एवढी पंचाईत कशाला? मुलींना तसाही दुपट्टा बांधायची सवय आहे, ओला करून बांधायचा. आमच्या काळी हूड नव्हते, आम्ही खिडकीत उभं राहून किपचं उपकरण चालवलं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करायचं ते. काय झालं?

---

मातीपरीक्षक | रात्री १०.५२

सीताबर्डी, दुपट्टा उन्हाला आणि धुळीला ठीक. वायू त्यातून सरळ जातो, आणि नायट्रिकच्या धुरात ओला दुपट्टा म्हणजे तोंडावर आम्लाची पट्टी. कापडी मास्कचंही तेच.

आणि "काय झालं" म्हणता ना, खाली कोणीतरी सांगेलच.

---

निवृत्त_परिचर | १० एप्रिल, सकाळी ६.१५

मी सांगतो. मी तेहतीस वर्षं लॅब अटेंडंट होतो, आता रिटायर. त्या तपकिरी धुराची गोष्ट आहे.

सुट्टीच्या दिवशी साहेबांनी जुन्या नायट्रिकच्या बाटल्या मोकळ्या करायला सांगितल्या. एका बाटलीत कोणी तांब्याचे तुकडे टाकून ठेवले होते का माहीत नाही, धूर निघाला. खोली लहान, पंखा नाही. दहा मिनिटं मी त्यातच होतो. खोकला आला, बाहेर येऊन पाणी प्यालो, बरं वाटलं. घरी जाऊन जेवलो, अंगणात खाट टाकली. रात्री बारा-एकला छाती दाबल्यासारखी झाली, श्वास पुरेना, तोंडाला गुलाबी फेस. बायकोनं शेजाऱ्याच्या ऑटोत घालून नेलं. चार दिवस ऑक्सिजनवर होतो.

डॉक्टर म्हणाले, हा वायू लगेच मारत नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी करतो. म्हणून मॅडम, त्या दिवशी ज्या पोरांनी तो धूर घेतला त्यांना नुसतं व्हरांड्यात काढून भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं आणि रात्रभर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

---

कपाशीचं_बोंड | १० एप्रिल, दुपारी २.०५

काका, वाचून हात गार पडले. आम्ही त्या दिवशी लिंबू-पाणी देऊन मुलांना घरी पाठवलं होतं. सकाळीच सगळ्यांना फोन केले, सगळी ठणठणीत आहेत. पण हे मला माहीत असायला हवं होतं.

आता हूडचा हिशेब. आज परिचरांना घेऊन तो रिकामा केला. आतून काय निघालं ते जसंच्या तसं देते: हायड्रोक्लोरिकच्या सहा बाटल्या, लिकर अमोनियाच्या तीन, लेबल गेलेल्या दोन, एक फुटका डेसिकेटर, २०१९ च्या प्रॅक्टिकलच्या वह्यांचा गठ्ठा, आणि आमच्या परिचरकाकांचा जेवणाचा डबा. डब्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तिथं मुंग्या येत नाहीत."

बाटल्या मागच्या भिंतीला टेकवून रांगेत लावल्या होत्या. मागच्या पत्र्यात खाली एक आडवी फट आहे, ती पूर्ण झाकली गेली होती. हवा तिथूनच जाते हे मला आज कळलं.

उदबत्ती: डावीकडे धूर आत गेला, पण रमतगमत. मधे तसाच. उजव्या कोपऱ्यात आत शिरला, वर गेला आणि गोल फिरून काचेखालून माझ्या नाकाशी आला. कूलर उजव्या खिडकीत आहे. बंद करून पाहिलं तर उजवा कोपराही आत ओढू लागला, पण तोही रमतगमतच. म्हणजे कूलर आणि बाटल्या दोन्ही दोषी, तरी काहीतरी उरतंच आहे.

---

संत्रा_बर्फी | दुपारी २.११

काकांच्या डब्यात भाजी कोणती होती ते महत्त्वाचं. हायड्रोक्लोरिकशेजारी ठेवली तर सावजीची वेगळी गरज नाही.

---

निवृत्त_परिचर | दुपारी २.३०

हसू नका, मी पण ठेवत होतो. सगळे ठेवतात. एकाच कपाटाला कुलूप असते.

---

गच्चीवरचा_ब्लोअर | दुपारी ३.१५

फारच छान निरीक्षण मॅडम. बाटल्या परत आत जाऊ देऊ नका. हूड हे कोठार नाही. बाटल्यांना वेगळं हवेशीर कपाट, आणि आम्ल व अमोनिया एकाच फळीवर नको, नाहीतर सगळ्या काचांवर पांढरी पावडर धरते. तुमच्याकडे धरली असेलच.

एखादं मोठं भांडं आत ठेवावंच लागलं तर खाली दोन लाकडी ठोकळे द्या, म्हणजे त्याच्या खालून हवा जाईल. काम नेहमी काचेच्या कडेपासून वीतभर आत. मुलं कडेवरच भांडं ठेवतात कारण आत हात घालायला कंटाळा. डोकं मात्र कधीच आत नाही.

काच किती उघडता ते राहिलंच सांगायचं.

---

कपाशीचं_बोंड | दुपारी ३.२४

पूर्ण वर. सगळ्यांना दिसावं म्हणून.

---

गणिताचा_मास्तर | दुपारी ४.०२

इथे आमची एन्ट्री. हूड चार फुटी म्हणजे रुंदी सुमारे १.२ मीटर. काच ४५ सेंमी उघडली तर उघडं तोंड ०.५४ चौरस मीटर. अर्धा मीटर वेगासाठी सेकंदाला ०.२७ घनमीटर हवा लागेल. तीच काच ७५ सेंमीपर्यंत वर नेली तर तोंड झालं ०.९. हवा तेवढीच, म्हणून वेग उतरला ०.३ वर. धुराला बाहेर यायला दार उघडून दिलं तुम्ही. आणि माणूस साधा चालत गेला तरी सेकंदाला मीटरभर जातो, त्याच्या मागे हवा ओढली जाते. म्हणून काम चालू असताना हूडसमोरून ये-जा नको.

४५ सेंमीवर लाल पट्टी चिकटवा. मुलांनी काचेतून पाहावं, काचेखालून नाही.

---

सीताबर्डी_एक्सप्रेस | दुपारी ४.२०

पण मास्तर, कूलर बंद करून ४५ डिग्रीत प्रॅक्टिकल? पोट्टे बेशुद्ध पडतील, मग नायट्रिकची गरज नाही. अकोल्याच्या लोकांना विचारा.

---

चंद्रपुरी_भट्टी | दुपारी ४.२५

अकोल्याचं कौतुक चंद्रपूरवाल्यांना सांगू नका. अकोल्यात ४५ झालं की बातमी येते, आमच्याकडे ४५ म्हणजे पाऊस येईल वाटते.

---

सीताबर्डी_एक्सप्रेस | दुपारी ४.२७

तुमच्याकडे कोळसा आहे ना, म्हणून.

---

गच्चीवरचा_ब्लोअर | दुपारी ५.१०

भट्टीवाले, धागा पेटवू नका. 😄

सीताबर्डीचा मुद्दा खरा आहे. कूलर पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. उलट हूड जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या तर ब्लोअर नुसता घरघरतो. कूलर हूडपासून सगळ्यात दूरच्या खिडकीत न्या आणि त्याच्या पट्ट्या वर छताकडे करा. म्हणजे हवा येईल, झोत येणार नाही. घातक प्रयोग सकाळी साडेसातच्या बॅचला, टायट्रेशनसारखे साधे प्रयोग दुपारी. मग पुन्हा उदबत्ती.

पण "रमतगमत" हा शब्द मला झोपू देणार नाही. पट्टा सैल असेल किंवा गच्चीवरच्या नळीत कबुतरानं घर केलं असेल.

---

पांदण_रस्ता | रात्री ८.४४

मी एक विचारू का मॅडम? ब्लोअर थ्री फेजचा हाय का? आन् मागच्या महिन्यात तुमच्याकडं अवकाळी झाला होता का? तारा तुटल्या होत्या का?

आन् कॉलेजात बोअर असन तर त्याचं पाणी कमी येऊन राह्यलं का?

---

संत्रा_बर्फी | रात्री ८.५०

हे ज्योतिष कोणत्या पानावर आहे?

---

कपाशीचं_बोंड | रात्री ९.३३

पांदणभाऊ, तुम्ही आमच्या कॉलेजात येऊन गेलात का?

हो, थ्री फेज आहे. मार्चमध्ये वादळात गेटजवळची तार तुटली, दोन दिवस लाइट नव्हती, मग लाइनमननी जोडली. आणि बोअर! टाकी भरायला दुप्पट वेळ लागतोय. सगळे म्हणतात पाणी खाली गेलं, एप्रिल आहे.

---

पांदण_रस्ता | रात्री ९.५८

पाणी खाली नाही गेलं मॅडम, मोटर उलटी फिरून राह्यली. तार जोडताना दोन फेज इकडचे तिकडे झाले की थ्री फेज मोटर उलट्या दिशेनं फिरते. आमच्याकडं दर पावसाळ्यात होते. मोटर चालू असते, आवाज येते, पाणीही येते, पण अर्धंच. नवा माणूस म्हणते विहीर आटली. जुना माणूस पॅनल उघडते, दोन वायरी अदलाबदल करते, धो धो पाणी.

ब्लोअरही तसाच असन का, हे ब्लोअरभाऊंनी सांगावं.

---

गच्चीवरचा_ब्लोअर | रात्री १०.०६

पांदणभाऊ, दंडवत. मी कबुतरं शोधत बसलो.

अगदी तसंच होतं. गोगलगाईसारखा खोका असलेला हा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने फेकतो, पण फारच कमी. आवाज तोच, बटनही चालू, म्हणून कोणालाच शंका येत नाही. खोक्यावर बाण कोरलेला असतो. बंद करताना चाक थांबत आलं की ते कोणत्या बाजूने फिरतंय ते दिसतं, ते बाणाशी ताडून पाहा.

विनंती: वायरी कोणी प्राध्यापकाने बदलू नयेत. मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

---

प्रयोगवही | ११ एप्रिल, सकाळी १०.२०

मी मधेच येते. आमच्या कॉलेजात दोन वर्षं सगळे "हूड" म्हणून लॅमिनार फ्लो वापरत होते, क्लोरोफॉर्मसुद्धा त्यातच. ते सूक्ष्मजीवशास्त्राचं यंत्र आहे. बुरशी-जंतू आत जाऊ नयेत म्हणून त्यातून स्वच्छ हवा माणसाच्या तोंडावर येते. क्लोरोफॉर्मसकट.

---

मातीपरीक्षक | सकाळी ११.००

बाप रे. आमच्याकडची चूक वेगळी. पानांचे नमुने नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात तापवून विरघळवतात, तेही साध्या हूडमध्ये. परक्लोरिकची वाफ नळीत जाऊन थंड होते, तिथल्या धुळीशी आणि धातूशी मिळून स्फोटक क्षार साठतात. पुढे कधीतरी दुरुस्तीला आलेला माणूस नळीला हातोडी मारतो. परक्लोरिक गरम करायचं तर त्याला पाण्याने आतून धुतला जाणारा वेगळा हूड लागतो. नसेल तर ती पद्धतच वापरू नका.

किपच्या उपकरणावर एक राहिलं. सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. नाकापेक्षा लेड अ‍ॅसिटेटचा कागद बरा, काळा पडला की कळतं.

---

निवृत्त_परिचर | सकाळी ११.४०

अमोनियाचं मी सांगतो. आता एप्रिल-मेमध्ये लिकर अमोनियाची बाटली एकदम उघडायची नाही. आत दाब झालेला असतो, बूच उडून तोंडावर येतो. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग हूडमध्ये ठेवून, तोंड आपल्यापासून वळवून, कापड धरून उघडा. बर्फ कँटीनमधून मागवायचा. चहा आमच्यापुरता, बर्फ बाटलीपुरता.

---

चंद्रपुरी_भट्टी | दुपारी १२.१५

आणि मधेच लाइट गेली तर? आमच्याकडे ठरलेलीच आहे.

---

गच्चीवरचा_ब्लोअर | दुपारी १२.४०

लाइट गेली की आवाज थांबतो, तोच इशारा. गॅस बंद, भांड्यांवर झाकण, काच पूर्ण खाली, सगळे बाहेर. परत आल्यावर लगेच काच वर नाही, ब्लोअर पाच-दहा मिनिटं चालू द्यायचा. इन्व्हर्टरवर ट्यूबलाइट चालू राहते आणि ब्लोअर बंद असतो, त्यात फसू नका. ती टिश्यूची पट्टी म्हणूनच हवी.

---

कपाशीचं_बोंड | १५ एप्रिल, संध्याकाळी ६.५०

उशीर झाला, पण बातमी पक्की आहे.

वायरमन आज आला. गच्चीवर मीही गेले. बाण डावीकडे, चाक उजवीकडे. मेनला दोन वायरी बदलल्या, बस. खाली येऊन काचेला लावलेली टिश्यूची पट्टी पाहिली तर आडवी होऊन आत फडफडत होती. उदबत्तीचा धूर तर काचेला पोचायच्या आतच खेचला गेला. तेवढ्यात शिपाईकाका धावत आले, "मॅडम, टाकी वाहून राहिली!" बोअरही सुलटा झाला.

कूलर मागच्या खिडकीत गेला. लाल पट्टी ४५ सेंमीवर लावली. बाटल्यांसाठी कपाटाचा अर्ज दिला आहे, तोवर त्या स्टोअररूममध्ये खालच्या फळीवर आहेत, अमोनिया वेगळ्या खोलीत. नायट्रिक-तांब्याचा प्रयोग आता शिक्षकच करतील, तोही चिमूटभर किसावर.

प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मशीन चालूच होतं ना?"

---

संत्रा_बर्फी | संध्याकाळी ६.५८

हो सर, उलटं.

---

पांदण_रस्ता | संध्याकाळी ७.३०

वायरमननं किती घेतले मॅडम?

---

कपाशीचं_बोंड | संध्याकाळी ७.३४

दोनशे. आणि चहा. काकांनी डबा आता खिडकीत ठेवलाय, मुंग्या लागल्या म्हणून माझ्यावर रुसलेत.